हार्थस्टोन: डस्ट एकाच डेकपुरती आहे. कुठला बनवू?

घाटवाट

बऱ्याच वर्षांनी हार्थस्टोन (ऑनलाइन पत्त्यांचा खेळ) पुन्हा सुरू केलंय. कॉलेजात असताना झू वॉरलॉक हा डेक (कार्डांचा संच) खेळायचो, मग नोकरी लागली आणि सुटलं ते सुटलंच. आता कामानिमित्त पुणे-मुंबई ये-जा असते, गाडीत मोबाईलवर खेळतो. क्वेस्ट (गेमने दिलेली कामं) करून आणि वाइल्डमध्ये, म्हणजे जुन्या कार्डांच्या प्रकारात, गेलेली कार्डं मोडून ३,२०० डस्ट (कार्डं बनवायचं गेममधलं चलन) जमली आहे. पैसे घालायचे नाहीत हे आधीच सांगतो. घरी शब्द दिलाय.

तीन डेक डोळ्यासमोर आहेत.

टिअर लिस्टमध्ये (डेकच्या क्रमवारीत) सगळ्यात वर जो आहे त्यातली चार लेजंडरी (सगळ्यात महाग, दुर्मिळ कार्डं) माझ्याकडे नाहीत. नुसत्या त्यांनाच ६,४०० डस्ट, म्हणजे तो विषय संपला.

दुसरा अ‍ॅग्रो हंटर, झटपट हल्ला करणारा. एक लेजंडरी आणि दोन एपिक (लेजंडरीच्या खालची दुर्मिळ कार्डं) कमी पडतात. १,६०० अधिक ८००, म्हणजे २,४००.

तिसरा कंट्रोल प्रीस्ट, सावकाश, समोरच्याला रोखत खेळणारा. दोन लेजंडरी हव्यात, म्हणजे ३,२००, बरोबर तेवढीच शिल्लक. खरं सांगायचं तर मला हाच खेळायला आवडतो. पण सगळी पुंजी एकात जाईल.

एकदा तरी लेजंड या सगळ्यात वरच्या रँकला पोचायचं आहे. प्लॅटिनमपर्यंत जातो, पुढे अडतं. कुठला घेऊ?

चारआणे

हंटर. एवढा विचार कसला करताय? चेहऱ्यावर, म्हणजे थेट समोरच्या हीरोवर, मारत सुटायचं.

मेंढीकोट_मास्तर

प्रीस्ट घ्या. आवडत नाही तो डेक लेजंडपर्यंत ओढून नेणं म्हणजे शिक्षा आहे. प्लॅटिनमपर्यंत कुणीही जातो, पुढे चिकाटी लागते, आणि जे आवडतं त्यालाच माणूस चिकटतो. तुम्ही स्वतःच ‘खरं सांगायचं तर’ लिहिलंय. उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे.

कुरकुऱ्या

कुठलाही घ्या, दोन आठवड्यांत नर्फ होईल (कंपनी त्याची ताकद कमी करेल). हल्ली कुणी स्वतःच्या डोक्याने डेक बनवतच नाही. साइटवरून कोड उचलायचा, पेस्ट करायचा, खेळायला बसायचं. समोरचाही तेच करतो. मग मजा कसली?

बदामसत्ती

कुरकुऱ्या, तुमची मजा कुणी काढून घेतलेली नाही, स्वतःचा डेक बनवायला मनाई नाही. इथे प्रश्न वेगळा आहे.

घाटवाट, तुम्ही तीन डेकची किंमत काढलीत, ते बरं केलंत. पण कुठला डेक किती टक्के जिंकतो, एवढंच सगळे बघतात. लॅडरवर (रँकच्या शिडीवर) बघायचं असतं ते म्हणजे तासाला किती तारे मिळतात.

डायमंड ५ पासून सलग विजयांचा बोनस बंद होतो. तिथून पुढे जिंकलात तर एक तारा वर, हरलात तर एक खाली. डायमंड ५ च्या तळापासून लेजंडपर्यंत पाच पायऱ्या, प्रत्येकी तीन तारे, म्हणजे १५ तारे हवेत. आता धरा, हंटरने तुम्ही ५३% जिंकता. १०० गेममध्ये ५३ तारे येणार, ४७ जाणार, हाती ६. त्या हिशेबाने १५ ताऱ्यांना सरासरी २५० गेम. प्रीस्टने ५५% जिंकता असं धरा, म्हणजे १०० गेममध्ये १० तारे. १५ ताऱ्यांना १५० गेम.

प्रीस्ट सरस वाटतो ना? आता घड्याळ लावा. अ‍ॅग्रोचा गेम ६ मिनिटांचा धरला तर २५० गेमना २५ तास. कंट्रोलचा १२ मिनिटांचा, तर १५० गेमना ३० तास. आणि प्रीस्ट विरुद्ध प्रीस्ट लागला तर १२ मिनिटं विसरा, चहा पिऊन या.

हे सरासरीचं गणित. नशिबाच्या लाटेवर कुणी याच्या निम्म्यातही पोचतो, कुणाला दुप्पट लागतं. एक दिलासा असा की डायमंड ५ च्या खाली घसरण होत नाही, दर पाच पायऱ्यांवर असा टप्पा आहे. पण दोन टक्के कमी जिंकणारा डेकसुद्धा आधी पोचवू शकतो, हे डोक्यात असू द्या.

घाटवाट

असा हिशेब कधी केलाच नव्हता. शिवाय माझे सगळे गेम गाडीत. कर्जत ते लोणावळा घाटात बोगदे सुरू झाले की नेट गेलंच.

चारआणे

मग तर हंटरच! एका टर्नला ७५ सेकंद असतात. बोगद्यात नेट गेलं, परत जोडलं जाईपर्यंत टर्न निघून जातो. प्रीस्टचा बोर्ड (समोरच्याची मैदानावरची कार्डं) साफ करायचा टर्न असा हुकला की गेम गेला. हंटरचा एक टर्न हुकला तरी बोर्डावर माणसं उभी असतात.

मेंढीकोट_मास्तर

चारआणे, बोगद्यात पहिल्यांदाच मुद्द्याचं बोललात.

बदामसत्ती, गणित मान्य. पण तुम्ही हंटरला ५३ आणि प्रीस्टला ५५ कुठून दिलेत? ज्याला प्रीस्ट आवडतो तो प्रीस्टने ५८ सुद्धा काढेल.

बदामसत्ती

उदाहरणाला घेतलेत, तुमचे आकडे घालून बघा. ५८% म्हणजे १०० गेमला १६ तारे, १५ ताऱ्यांना ९४ गेम, १९ तासांच्या आत. तसं असेल तर प्रीस्टच बरा. पण परतून आलेला माणूस नव्या कार्डांचा कंट्रोल डेक घेऊन लगेच ५८% काढेल, हे मला पटत नाही. कंट्रोलला समोरच्याचा डेक तोंडपाठ लागतो. तो आठव्या टर्नला काय टाकणार हे ठाऊक नसेल तर तुम्ही सहाव्या टर्नला बोर्ड साफ करायचं कार्ड उडवून बसणार.

पन्हं_गार

वाचनमात्र होतो, पण आकड्यांचा विषय निघाला म्हणून लिहितो.

साइटवर दिसणारी विजयाची टक्केवारी कुणाची आहे ते आधी बघा. ट्रॅकर (गेमची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) लावून खेळणाऱ्यांच्या गेममधून ती गोळा होते. त्यात रँकची चाळणी लावता येते. डायमंड ते लेजंडची लावली की एक चित्र, ब्राँझ ते गोल्डची लावली की दुसरंच. अवघड डेक खाली बुडताना दिसतात आणि वर तरंगताना. जुन्या मंडळींना २०१५ चा पॅट्रन वॉरियर आठवत असेल. मोठ्या खेळाडूंच्या हातात तो थांबवता येत नव्हता आणि आमच्यासारखे तोच डेक घेऊन सातव्या टर्नला बेरीज चुकवत बसायचे. त्या ऑक्टोबरात त्यातलं वॉरसाँग कमांडर हे कार्ड बदललं, प्रकरण मिटलं.

दुसरं म्हणजे गेमची संख्या. एखाद्या लिस्टपुढे ६२% दिसतं आणि गेम मात्र थोडेच. तो बहुधा एकाच चांगल्या खेळाडूचा आठवडा असतो. स्वतःच्या बाबतीतही तेच. २० पैकी १२ जिंकले की लोक ‘हा डेक भारी आहे’ म्हणून मोकळे होतात. निव्वळ नाणं उडवत बसलात तरी २० पैकी १२ किंवा जास्त वेळा छापा पडणं चारातून एकदा होतंच.

तिसरं, समोर कोण भेटतंय. समजा तुमचा डेक अ‍ॅग्रोविरुद्ध ६०%, मिडरेंजविरुद्ध (मधल्या गतीचे डेक) ५०% आणि कंट्रोलविरुद्ध ४०% जिंकतो. तुम्हाला भेटणाऱ्यांत निम्मे अ‍ॅग्रो, ३०% मिडरेंज, २०% कंट्रोल असतील तर एकूण ५३%. हेच उलटं झालं, निम्मे कंट्रोल आणि २०% अ‍ॅग्रो, की तोच डेक ४७% वर येतो. एकही कार्ड न बदलता. तेव्हा टिअर लिस्टवरचं स्थान बघण्याआधी आपल्या रँकला, आपल्या वेळेला कोण भेटतं त्याची आठवडाभर नोंद करा. कागदावर रेघोट्या मारल्या तरी चालेल.

कुरकुऱ्या

गाडीत बसून कागदावर रेघोट्या. याला खेळ म्हणतात?

पन्हं_गार

हो. रमी खेळताना कुठली पानं पडून गेली ते लक्षात ठेवत नाही का तुम्ही?

मेंढीकोट_मास्तर

एक शंका. गती एवढी महत्त्वाची असेल तर स्पर्धांमध्ये लोक कंट्रोल आणि कॉम्बो (ठराविक कार्डं जुळवून जिंकणारे डेक) का घेऊन जातात?

बदामसत्ती

कारण तिथे तारे नाहीत. कॉन्क्वेस्ट पद्धतीत चार वेगवेगळ्या क्लासचे (हंटर, प्रीस्ट असे) चार डेक न्यायचे, समोरच्याने त्यातल्या एकावर बंदी घालायची, आणि उरलेल्या तिन्हींनी एकेकदा जिंकायचं. जिंकलेला डेक बाजूला होतो. म्हणजे तुमचा सगळ्यात दुबळा डेकसुद्धा कधीतरी जिंकावाच लागतो. त्यामुळे तिथले लोक एकेक डेक निवडत नाहीत, चौघांची मोट बांधतात. ‘अ‍ॅग्रोला चिरडायचं’ असं ठरवलं की चारही डेक अ‍ॅग्रोविरुद्ध चांगले घ्यायचे आणि जो डेक आपल्याला भारी पडतो त्यावर बंदी टाकायची. अशा मोटेतला एखादा डेक लॅडरवर नेलात तर मार खाल. स्पर्धेच्या निकालातून डेक उचलणारे इथेच फसतात.

पन्हं_गार

अवांतर: स्पर्धांचा विषय निघालाच आहे तर, २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये ईस्पोर्ट्स प्रदर्शनीय खेळ म्हणून होते आणि हार्थस्टोनमध्ये भुजच्या तीर्थ मेहताने ब्राँझ मिळवलं होतं. प्रदर्शनीय असल्याने पदकतालिकेत ते मोजलं गेलं नाही. पुढे हांगझोऊ एशियाडमध्ये हार्थस्टोन खऱ्या पदकासाठी ठेवलं होतं, पण जानेवारी २०२३ मध्ये ब्लिझर्डचा चीनमधला करार संपून गेम तिथे बंद झाला आणि यादीतूनही गेला. २०२४ मध्ये गेम चीनमध्ये परत सुरू झाला, तोवर एशियाड होऊन गेलं होतं.

चारआणे

हे माहीत नव्हतं! आपल्याकडे कुणी बातमीसुद्धा नीट दिली नव्हती.

घाटवाट

सगळ्यांचे आभार. मी हंटरकडे झुकतोय. पण २,४०० घालवण्याआधी एक विचारतो: त्यातली लेजंडरी न घेता चालेल का?

बदामसत्ती

हाच प्रश्न आधी विचारायला हवा होता. चालेल, आणि का चालेल ते बघा.

डेक ३० कार्डांचा, लेजंडरी एकच. तुम्ही आधी खेळताय तर सुरुवातीला तीन कार्डं मिळतात आणि प्रत्येक टर्नला एक. सहाव्या टर्नपर्यंत नऊ कार्डं पाहिली. ३० पैकी ९, म्हणजे ३०%. नंतर खेळलात तर १० कार्डं, ३३%. मलिगनमध्ये (सुरुवातीची कार्डं बदलायच्या संधीत) काही बदललंत तर थोडं वाढेल. पण अ‍ॅग्रो हंटरचा गेम सहाव्या-सातव्या टर्नला एका बाजूला लागलेला असतो. म्हणजे १,६०० ची ती लेजंडरी तीन गेमपैकी जेमतेम एकात हाती येणार, आणि आली त्यातही तिच्यामुळेच जिंकलात असं थोड्याच वेळा होणार. तिच्या जागी एखादं स्वस्त, दोन मानाचं (माना म्हणजे कार्डं टाकायला दर टर्नला मिळणारी शक्ती) बरं बीस्ट (प्राण्याचं कार्ड) घातलंत तर नुकसान टक्का-दीड टक्क्याच्या वर जाईल असं मला वाटत नाही.

एपिकचं मात्र तसं नाही. दोन प्रती असतात. पहिल्या टर्नला हवंच असलेलं कार्ड शोधायला तिन्ही कार्डं फेकलीत तर पहिला ड्रॉ धरून ४१% वेळा त्यातलं एक तरी हाती असतं. एकच प्रत असेल तर तोच आकडा २३%. म्हणून डस्ट आधी दोन-दोन प्रतींच्या कार्डांवर घालायची. ८०० मध्ये तुमचा हंटर उभा राहतो, २,४०० शिल्लक राहतात.

प्रीस्टला ही सवलत नाही. तिथे त्या लेजंडरीवरच सगळा डेक उभा असतो, गेम दहाव्या टर्नपलीकडे जातो आणि डेकमध्ये कार्ड ओढायची सोयही असते. म्हणजे ती येतेच. ती काढून प्रीस्ट खेळायचा तर न खेळलेलाच बरा.

मेंढीकोट_मास्तर

हे पटलं. प्रीस्टवरचा हक्क सोडतो, प्रेम नाही.

एक जोड माझ्याकडून. लेजंडरी बनवायची वेळ आली की आधी कॅलेंडर बघा. स्टँडर्डमध्ये (नव्या कार्डांच्या प्रकारात) चालू वर्षाचे आणि मागच्या वर्षाचे सेट चालतात, आणि दर वसंतात नवा सेट आला की सगळ्यात जुन्या वर्षाचे एकदम बाहेर जातात. वसंतातल्या सेटला पूर्ण दोन वर्षं मिळतात. वर्षअखेरीच्या सेटला सव्वा वर्षाच्या आसपासच. दोन वर्षांपूर्वीच्या सेटमधलं कार्ड जानेवारी-फेब्रुवारीत बनवणं म्हणजे दोनेक महिन्यांसाठी १,६०० मोजणं. मोडायला गेलात तर हाती ४०० येतात. चार लेजंडरी मोडा, एक घ्या. सावकारसुद्धा याहून बरा.

कुरकुऱ्या

आणि नर्फ? ते कोण सांगणार? सावकारांचे सावकार बसलेत तिथे.

पन्हं_गार

नर्फ झालेलं कार्ड ठराविक मुदतीत मोडलं तर बनवायला लागते तेवढी पूर्ण डस्ट मिळते, त्यामुळे तेवढ्यापुरता तोटा नाही. गोम अशी की ते फक्त त्याच कार्डाला लागू होतं. प्रीस्टच्या रझा या कार्डामुळे हीरो पॉवर (हीरोची दर टर्नला वापरता येणारी ताकद) शून्य मानात मिळायची, २०१८ च्या फेब्रुवारीत ती एकावर नेली. रझाचे १,६०० परत मिळाले, पण त्याच प्रीस्टमधल्या शॅडोरीपर अँडुइनला हात लागला नव्हता, म्हणून त्याचे नाहीत. डेक मात्र दोघांचा मिळून होता. कुरकुऱ्यांची तक्रार तेवढ्यापुरती रास्त आहे. ज्या डेकबद्दल सगळीकडे ओरड चालू आहे त्यात चार लेजंडरी घालू नयेत. नवा सेट आल्यावर पहिला बॅलन्स पॅच येईपर्यंत थांबावं.

चारआणे

नव्या सेटची पाकिटं आधी फोडा, मग बनवा. पहिल्या १० पाकिटांत एक लेजंडरी हमखास, आणि पुढे ४० पाकिटांच्या आत पुढची. १०० सोन्याला एक पाकीट. पाकिटं फोडायच्या आधी क्राफ्ट करणाऱ्यांना बघून मला कसंसंच होतं.

घाटवाट

दोन एपिक बनवली, लेजंडरी सोडली. काल पुण्याला येताना खेळून बघितलं. एक प्रसंग विचारतो.

माझा पाचवा टर्न, पाच माना. समोर मेज (जादूगार क्लास), १४ जीव, बोर्डावर त्याचा एक ४/४ (४ हल्ला, ४ जीव). माझ्याकडे बोर्डावर दोन बीस्ट, मिळून सहा हल्ला. हातात किल कमांड (बोर्डावर बीस्ट असताना ५ मारणारं कार्ड). सगळं चेहऱ्यावर टाकलं तर ६ अधिक ५ अधिक हीरो पॉवरचे २, म्हणजे १३. एक कमी! मी घाबरून त्याचा ४/४ मारला, किल कमांड हातात ठेवलं, आणि तीन टर्ननंतर हरलो. चेहऱ्यावर जायला हवं होतं का?

चारआणे

हो!!!

बदामसत्ती

मेजविरुद्ध हो. १३ मारलेत की तो १ वर. पुढच्या टर्नला तुमची हीरो पॉवर २ मारते, तिला कार्ड लागत नाही, बीस्ट लागत नाही, बोर्डही लागत नाही. म्हणजे एका टर्नात त्याने जीव वाढवला पाहिजे किंवा तुम्हाला मारलं पाहिजे. तुमचा बोर्ड साफ करून त्याचं भागत नाही, आणि मेजला जीव वाढवणं सहसा जड जातं. जुन्या काळी आइस ब्लॉक (जीव घेणारा घाव एकदा अडवणारं कार्ड) होतं म्हणून तिथे थांबून विचार करावा लागायचा.

किल कमांड राखून ठेवण्यात धोका असा की बोर्डावर बीस्ट नसेल तर ते पाचऐवजी तीनच मारतं. त्याने पुढच्या टर्नला तुमची बीस्ट उडवली की हातातलं कार्ड आपोआप हलकं झालं.

हाच प्रसंग वॉरियरविरुद्ध असता तर मी वेगळं सांगितलं असतं. तो हीरो पॉवर दाबून दोन चिलखत चढवतो, १ चे ३ होतात, आणि तुमचे २ पुरत नाहीत. प्रीस्टही दोन जीव भरून काढतो. त्यांच्याविरुद्ध ४/४ मारून बीस्ट जगवणं आणि किल कमांड शेवटी वापरणं जास्त बरोबर. हंटर म्हणजे डोळे मिटून चेहरा, असं चारआणे म्हणतात ते त्यांच्यापुरतं खरं आहे. मेज, वॉरियर, प्रीस्ट समोर असताना तुमची शेवटची दोन कशी पोचणार, हे दर गेमला बदलतं.

चारआणे

माझं नाव का घेता, मी ‘हो’ एवढंच म्हणालो. आणि बरोबर म्हणालो.

मेंढीकोट_मास्तर

मार्व्हल स्नॅप खेळणारे कुणी आहेत का इथे? तिथे १२ कार्डं, सहा टर्न, आणि पटत नसेल तर मध्येच माघार घेता येते. तिथे हा तासाला ताऱ्यांचा हिशेब कसा बसतो?

पन्हं_गार

बसतच नाही. तिथे जिंकलेले गेम मोजायचे नसतात, क्यूब (गेमवर लागलेले गुण) मोजायचे असतात. निम्म्याहून जास्त गेम हरूनही वर जाता येतं, हरणारे गेम एका क्यूबवर सोडून दिले तर. त्यामुळे डेक निवडतानाही बघायचं ते हे की आपल्याला जिंकतोय की हरतोय हे किती लवकर कळतं. त्याचा वेगळा धागा काढा, इथे भरकटेल.

घाटवाट

शेवटचं विचारतो, मग छळत नाही. उरलेल्या २,४०० चं काय करू? आणि लेजंडरीच्या जागी नेमकं कुठलं बीस्ट?

बदामसत्ती

२,४०० ना हात लावू नका. पन्हं_गार म्हणतात तशा आठवडाभर नोंदी ठेवा. कंट्रोल जास्त भेटत असतील तर ती लेजंडरी बहुधा हवीशी वाटेल, कारण तिथे गेम लांबतो. अ‍ॅग्रोच भेटत असतील तर तिची आठवणही येणार नाही.

बीस्टबद्दल: तुमच्या डेकचा कोड इथे टाका. कोड कॉपी करून कलेक्शन उघडलं की गेम स्वतःच डेक बनवायचं विचारतो, म्हणजे तुमच्या डेकमध्ये कुठली कार्डं आहेत ते मला जागच्या जागी दिसेल. आणि कुठल्या विभागात खेळता तेही लिहा. आशिया, युरोप आणि अमेरिका यांचं कलेक्शन वेगवेगळं असतं, एकीकडची डस्ट दुसरीकडे चालत नाही.

घाटवाट

आशिया. कोड रात्री घरी गेल्यावर टाकतो, आता खंडाळा आला.